वाडी कुणी ठेवायची?

प्रिय काकू,

मी मालवण तालुक्यातली, लग्नानंतर ठाण्यात. गेल्या वर्षी श्रावण वद्य पंचमीला माझे बाबा गेले. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्तीला बारा वर्षं झाली होती. आम्हाला भाऊ नाही, आम्ही दोघी बहिणीच. अग्नी चुलतभावाने, दादाने, दिला. दहाव्याला व्हाळाच्या काठी दोन तास झाले तरी कावळा पिंडाला शिवेना. वरून पाऊस. मुलगा नाही यावरून मागून कुणीतरी बोललं, “झील नाय मा, कावळो कसो शिवतलो?” आई तिथेच उभी होती, तिने ते ऐकलं.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं, तेही दादानेच केलं. आता गणपती झाले की पितृपक्षातला म्हाळ. मी म्हटलं, यंदा बाबांचा म्हाळ आपल्या घरी, मी घालते. दादा म्हणाला, मुलीने घातलेला म्हाळ पोचत नाही, म्हाळ थोरल्या घरातच व्हायचा. थोरलं घर सामाईक आहे, पण बाबांची चूल तीस वर्षांपासून वेगळी आहे.

दुसरी गोष्ट. धाकट्या बहिणीने वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरात लग्न केलं आहे. गेल्या २ नोव्हेंबरला तिच्या घरचे सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला गेले, तेव्हा तिने शेजारी एक मेणबत्ती बाबांच्या नावाने लावली. तिने तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि ‘मेलेल्या माणसाला बाटवलं’ इथपर्यंत बोलणी झाली. ती आता म्हाळाला येणारच नाही म्हणते.

आणि खरं सांगायचं तर पिंड, कावळा, पितर यांवर माझा स्वतःचाच किती विश्वास आहे हे मला कळत नाही. विश्वास नसताना हे करणं म्हणजे ढोंग नाही का? पण आई रात्री फोनवर विचारते, “माका झील नाय म्हणान ते उपाशी रवतले काय गो?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. काय करू?

– एक लेक

बाय माझी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुसरं कुठलंच पत्र उघडलं नाही. आधी कावळ्याचं बोलते, कारण त्या व्हाळाच्या काठावर तुझी आई अजून उभी आहे.

कावळा भित्रा नसतो, सावध असतो. ओळखीच्या परसात तो रोज येऊन भाकरी पळवील, पण अनोळखी काठावर, भर पावसात, वीस माणसं कोंडाळं करून उभी असताना तो खाली उतरायला वेळ लावणारच. श्रावणातल्या कितीतरी दहाव्यांना मी हे पाहिलं आहे. चार-चार मुलगे ओळीने हात जोडून उभे होते आणि कावळा माडावर पंख फुगवून बसला होता. आपल्या जुन्या लोकांना हे नीट माहीत होतं, म्हणूनच कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायची सोय त्यांनी विधीतच ठेवली. तुमच्याकडेही शेवटी तेच केलं असणार. ज्या विधीने स्वतःच ही वाट काढून ठेवली आहे, त्या विधीच्या नावाने एका बाईला तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला असं बोलणं हे पाप आहे. मी हा शब्द फार जपून वापरते. आईला हे माझ्या नावाने सांग. फोनवर नको, समोर बसून सांग.

आता तुझा मुख्य प्रश्न. मुलीने घातलेला म्हाळ पोचतो का?

दादा म्हणतो ते त्याने मनाने काढलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण ऐकलेलं अर्धं आहे. संगमेश्वराकडच्या गोळवली गावातून मूळ आलेले काशिनाथ उपाध्याय, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी पंढरपुरात १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. आपल्याकडचे भटजी आजही अडलं की तोच ग्रंथ उघडतात. अशा ग्रंथांत श्राद्ध कुणी करायचं याची लांबलचक यादी असते. तिच्यात मुलगा पहिला, हे खरं. पण यादी तिथे संपत नाही. नातू येतो, पणतू येतो, पत्नी येते, कन्या येते, मुलीचा मुलगा येतो, भाऊ आणि पुतण्याही येतात. कुणाच्या आधी कोण, यावर ग्रंथकारांत वाद आहेत. बायकांनी वेदमंत्रांशिवाय करावं असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे, ते मी लपवणार नाही. पण करूच नये, केलं तर पोचणार नाही, असं ती यादी म्हणत नाही. उलट, मेलेला माणूस कुणावाचून राहू नये म्हणून ती इतकी लांबवलेली आहे.

त्याच परंपरेत विभक्त भावांचं श्राद्ध वेगवेगळं होतं. तुझ्या बाबांची चूल तीस वर्षं वेगळी होती. म्हणजे आजोबांचा म्हाळ दादाने थोरल्या घरात घालावा, आणि बाबांचा म्हाळ बाबांच्या घरात व्हावा, यात शास्त्र मोडत नाही. दादाला हे भांडणाच्या सुरात सांगू नकोस. भर पावसात त्याने तुझ्या बाबांना खांदा दिला, अग्नी दिला, वर्षभराचं सगळं केलं. त्याचे उपकार आधी मान, मग बोल. त्या दिवशी त्याचं पान तुमच्याकडे मांडलेलं असू दे.

तुझ्या घरी जे चाललं आहे तेच पुष्कळ दूरच्या घरांतही चाललेलं आहे. दक्षिण कोरियात पूर्वजांच्या पुण्यतिथीला घरोघरी जेवण मांडून जे स्मरण करतात त्याला जेसा म्हणतात. शेकडो वर्षं तो मान थोरल्या मुलाचा. एक माणूस २०१७ साली वारला. मागे पत्नी आणि दोन मुली. दुसऱ्या एका स्त्रीपासून त्याला एक लहान मुलगा होता. मुलगा तो एकच, म्हणून अस्थी त्याच्या बाजूच्या माणसांनी ठेवल्या, आणि पत्नी नि मुली त्यासाठी कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टांनी २००८ च्या जुन्या निकालाकडे बोट दाखवलं, घरच्यांचं एकमत नसेल तर हा मान थोरल्या मुलाचाच. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बाजूला सारला. एकमत होत नसेल तर सर्वांत जवळच्या नात्यातलं जे वयाने मोठं, त्याचा मान. बाई की बुवा, हे बघायचं नाही. एक विधवा आणि दोन मुली. हे वाचताना मला तुमच्या घराची आठवण आली.

आणि आणखी एक गोष्ट अलिबागेची. माझ्या नोकरीची काही वर्षं तिथे गेली. अलिबागजवळ नवगावला समुद्राकाठी बेने इस्राएल लोकांची फार जुनी दफनभूमी आहे. त्यांचं जहाज तिथे फुटलं, बुडालेल्यांना तिथेच पुरलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असं ते सांगत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपले लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठीच बोलत. माझ्याबरोबर शिकवणारी त्यांच्यातली एक बाई वडिलांच्या तिथीला घरी दिवा लावायची, आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जळणारा. मी तिला विचारलं होतं, तुमच्यात मुलींनी केलेलं चालतं का? तेव्हा तिने मला हेन्रिएटा झोल्ड यांची हकीकत सांगितली. ती मी पुढे वाचून खात्री करून घेतली.

ज्यू लोकांत आईवडील गेले की कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायची असते, आणि ती म्हणायची मुलाने. अमेरिकेतल्या झोल्ड बाईंची आई १९१६ साली वारली. आठ मुली झालेलं घर, मुलगा एकही नाही. एका स्नेह्याने चांगल्या मनाने लिहिलं, तुमच्या आईसाठी कद्दिश मी म्हणतो. बाईंनी त्याचे मनापासून आभार मानले आणि नाही म्हणून कळवलं. त्यांचं म्हणणं होतं की हे काम दुसऱ्याकडे देता येत नाही. आपल्याला मुलगा नाही याचा खेद आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. वडील गेले तेव्हाही आईने परक्यांना लेकींच्या जागी उभं राहू दिलं नव्हतं.

तुझं पत्र वाचताना मला त्या आईची आठवण जास्त आली. लेकींनी हक्क मागितला असं तिथे झालं नाही. आईने त्यांची जागा राखली होती.

म्हणून तुला एक विचारते. पत्रात तू ‘मी घालते’ असं लिहिलं आहेस. आईला विचारलंस का? ती यादी पुन्हा बघ. पत्नी तुझ्या आधी आहे. पंचेचाळीस-पन्नास वर्षं त्या माणसाला जिने जेवायला वाढलं, ड्यूटीवरून रात्री अकराला आला तरी उठून वाढलं, तिलाच त्याचं पान वाढायला आपण बाजूला बसवतो. दहाव्याला ती मागे उभी होती. वर्षश्राद्धाला बहुतेक चुलीपाशी असेल. सगळे वडे तिने तळले, आणि पान उचलून नेलं दुसऱ्याने. ते उपाशी राहतील का, असं ती विचारते त्यात तिचं हेच दुखणं आहे. तिचा हात लागू दिला नाही कुणी. यंदा वाडी, म्हणजे पितरांसाठी बाहेर ठेवायचं पान, आईने ठेवायची. तू तिच्या डाव्या बाजूला उभी राहा, बहीण उजव्या बाजूला.

माझी आजी वेंगुर्ला तालुक्यातली, लहान वयात विधवा झालेली, माहेरी राहिलेली. म्हाळाच्या दिवशी मोठ्या पानांची गडबड संपली, बुवामाणसं जेवून पडवीत लवंडली, की ती परसात केळीखाली एक छोटी वाडी ठेवायची. काळ्या वाटाण्याचं सांबारं, दोन वडे, खिरीचा घास. ती कुणाची, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “माझ्याच माणसाची. आणि जेका कोण नाय तेंचीय.” सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. तिला ते लपून करावं लागलं, याचं मला आज या वयातही वाईट वाटतं. तुझ्या आईने ते खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत करावं.

आजीचं ते दुसरं वाक्य, ज्यांना कुणी नाही त्यांचीही, ते तर्पणातच आहे. ‘येऽबान्धवा बान्धवा वा’ असं म्हणून पाणी सोडतात. जे माझे बांधव आहेत, जे नाहीत, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी होते, त्या सगळ्यांना. आणि म्हाळात तर केवढी माणसं येतात! बाप, आजा, पणजा, आई, आजी, आईचे वडील, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, मुलगी, सासू-सासरे, गुरू, मित्र. बाराव्या-तेराव्याला ज्यांचा उच्चार होत नाही तेही महालयात येतात. एवढा मोठा मांडव असलेल्या दिवसाच्या नावाने आपण तुझ्या बहिणीला दाराबाहेर ठेवायचं?

त्या मेणबत्तीबद्दल. २ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस, हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात त्या तारखेला सुरू झालेला. आपल्या किनाऱ्यावर तो आला आणि इथलाच झाला. वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडच्या दफनभूमीत त्या संध्याकाळी जाऊन बघ. कबरी घासूनपुसून स्वच्छ केलेल्या, झेंडूच्या माळा, माणसं शेजारच्या अनोळखी कबरीवरही एक मेणबत्ती लावून जातात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, तिथेही १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या वाटेवर तो पसरतात. पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला आणि आपल्या दसऱ्याला त्याच्यावाचून चालेनासं झालं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना बोलावून पोटभर वाढायचं, मग लग्नाचं पुढचं. आपण श्राद्धाला दारी आलेल्याला विन्मुख पाठवत नाही, त्यातलंच हे. धर्म बदलला तरी पितरांना जेवू घालायची सवय या मातीतल्या माणसांनी सोडली नाही.

तुझ्या बहिणीने बाबांना कुठे नेलं नाही. ती जिथे होती तिथे तिला बाबांची आठवण झाली. सासऱ्यांच्या शेजारी तिने त्यांना जागा दिली, याहून मोठा मान व्याह्याला कोण देईल? तिला एवढंच सांग की फोटो ग्रुपवर टाकायची गरज नव्हती, तिथे काकांच्या वयाची माणसं आहेत आणि त्यांना ते न समजता दिसलं. आणि हेही सांग की म्हाळात सासरच्या माणसांची आठवण असते. तिच्या सासऱ्यांचं नाव घेऊन तिने तीळ-पाणी सोडावं. भटजी मंत्रात ते नाव घेणार नाहीत, घेऊ देत किंवा नको. तिने मनात घ्यावं. म्हाळाच्या आदल्या रात्रीच तिला घरी बोलाव. वड्यांचं पीठ भिजवायला आणि नारळ खवायला माणूस लागतं.

आता तुझ्या स्वतःच्या विश्वासाचं. हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारलेला नाहीस. चार्वाकांनी फार पूर्वी विचारला होता. श्राद्धाने मेलेल्याची भूक भागत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला घ्यावी, घरीच त्याच्या नावाने जेवावं की! याला तर्काने उत्तर देता येत नाही. मला तरी देता आलेलं नाही, आणि मी गेली चाळीस वर्षं वाडी ठेवते आहे.

पण लोकांनी वागून उत्तरं दिली आहेत. पैठणच्या नाथांची गोष्ट तुला लहानपणापासून माहीत आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास रस्त्यावरच्या भुकेल्या माणसांना आला, गावाने ज्यांना शिवायचं नाही असं ठरवलं होतं त्या माणसांना, आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा त्या पानांवर पितर स्वतः येऊन बसले, असं ती गोष्ट सांगते. पोचण्याबद्दल आपल्या भाषेत यापेक्षा मोठं काही सांगितलं गेलं आहे असं मला वाटत नाही. भुकेल्याच्या पोटात गेलं ते पोचलं.

चीनच्या कन्फ्यूशियसाबद्दलही असं एक बोलणं नोंदलेलं आहे. पितरांना अर्पण करताना ते समोर बसले आहेत असं समजून करावं, आणि मी स्वतः हजर नसेन तर केलंच नाही असं मला वाटतं. ते समोर बसले आहेत ‘असं समजून’. ते खरंच बसले आहेत का, यावर तो वाद घालत बसला नाही. तुझ्या दोन्ही प्रश्नांना हे लागू पडतं. विश्वास ठेवण्याची अट तुला कुणी घातलेली नाही, हजर राहण्याची अट आहे. बाबा पडवीत बसले आहेत असं समजून पान वाढता येतं का तुला? येत असेल तर त्यात ढोंग कसलं? ढोंग तेव्हा झालं असतं, जेव्हा तू ठाण्याहून पैसे पाठवून मोकळी झाली असतीस आणि लोकांना सांगितलं असतंस की म्हाळ झाला.

तिकडे कंबोडियात बौद्ध लोक पचुम बेन पाळतात, साधारण आपल्याच म्हाळाच्या दिवसांत, पंधरा दिवस. त्यांच्या महिन्याचं नाव आपल्या भाद्रपदावरूनच आलं आहे, आणि ‘बेन’ हा शब्द म्हणजे आपला पिंड. पहाटे अंधारात विहारात जाऊन भाताचे गोळे ठेवतात, ज्यांना वाढणारं कुणी उरलं नाही अशांसाठीही. ज्या देशाने १९७५ ते १९७९ या चार वर्षांत आपली लाखो माणसं गमावली, कितींना कुठे पुरलं हे घरच्यांना कळलंही नाही, तिथे ते भाताचे गोळे ठेवणाऱ्या बाईला ‘पोचतं का’ असं विचारायचा धीर मला होणार नाही. ती भात घेऊन उभी आहे, एवढं मला पुरतं.

आता कामाचं बोलू, कारण भाद्रपद जवळ आहे आणि तुझी रजा मोजकी असणार. चाकरमानी गणपतीत सगळी रजा संपवतात आणि म्हाळाला घरं पुन्हा रिकामी होतात, दरवर्षीचं आहे. बाबांची तिथी पंचमी, म्हणजे भाद्रपद वद्य पंचमीला म्हाळ. गौरी-गणपती झाले की पंधरा दिवसांच्या आत हा दिवस येतो. तेवढे दिवस राहता आलं तर उत्तम. नाही जमलं तर सर्वपित्री अमावास्येला ये, ती सगळ्यांसाठीच असते. गणपतीचे चार दिवस कमी राहिलीस तर गणपती रागावणार नाही.

भटजींना आधीच भेट, एकटी जाऊ नकोस, आईला घेऊन जा. त्यांना सरळ सांग, यजमान आई आहे. ते हो म्हणाले तर फारच चांगलं. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, दुसरे बघ. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने कितीतरी वर्षांपासून बायकांनाही पौरोहित्य शिकवलं आहे आणि विधींच्या मराठी अर्थासह पोथ्या काढल्या आहेत, तशी एक पोथी मागवून घेता येईल. कुणीच मिळालं नाही तर काळे तीळ, पाणी, दर्भ, बाबांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. एवढ्यावरही होतं. पणजोबांचं नाव माहीत नसेल तर त्यासाठी दादाकडे जा. त्याला ते माहीत असणार, आणि तू विचारायला आलीस हे त्याला बरं वाटेल.

तुझ्या मुलाचं तू काही लिहिलं नाहीस. मुलगा असेल तर आश्विन शुद्ध प्रतिपदेचा आजेपाडवा लक्षात ठेव. घटस्थापनेच्या त्या दिवशी ज्याचे स्वतःचे वडील हयात आहेत असा नातू आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. लेकीच्या घरासाठी आपल्याच पंचांगात राखून ठेवलेला हा दिवस आहे, आणि किती घरांना तो आठवतही नाही! ठाण्यातही करता येईल. मुलगी असेल तर तिच्याकडूनही तीळ-पाणी सोडून घे, मी तर घेईन.

स्वयंपाकाचा घोळ घालू नका. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, एक-दोन भाज्या, भात-वरण. सात भाज्या आणि चार गोडं करून आईला चुलीपुढे बसवून ठेवलंत तर वाडी ठेवायला तिच्यात त्राण उरणार नाही. कोरियातल्या सुंग्यून्ग्वान या कन्फ्यूशियस परंपरेच्या जुन्या संस्थेने २०२२ साली सणाच्या तोंडावर जाहीर केलं की पूर्वजांच्या पानावर तळणीचे पदार्थ नसले तरी चालतात, फार तर नऊ पदार्थ पुरे. घरातल्या बायका तळून तळून दमतात, हे तिथल्या वडीलधाऱ्यांनीही मान्य केलं. आपल्याकडे वड्यांशिवाय म्हाळ होत नाही, मला ठाऊक आहे. पण वडे दादाच्या बायकोने आणि बहिणीने तळावेत.

एक गोष्ट वेगळी ठेव. थोरलं घर सामाईक आहे असं तू लिहिलंस, आणि म्हाळ तिथेच व्हायचा हा हट्ट आहे, म्हणून सांगते. म्हाळ घातल्याने कुणाला घर मिळत नाही आणि न घातल्याने कुणाचं जात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबांच्या वाट्याला आई आणि तुम्ही दोघी बहिणी सारख्या वारस आहात. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली नसेल तर तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला घेऊन जा, गरज पडली तर वकिलाला विचार. पण म्हाळाच्या आठवड्यात नको. त्या कागदांची पिशवी त्या पानाच्या आसपाससुद्धा नको.

आणि तो दिवस. सकाळी खळं सारवून घ्या, फरशी असेल तर धुऊन घ्या. दादाला पहिलं पान. वाढून झालं की आईच्या हातात केळीचं पान दे आणि तुम्ही दोघी फक्त तिच्या बाजूला राहा. कावळ्याची वाट बघत घड्याळाकडे पाहायचं नाही, कुणी बघायला लागलं तर त्याला आत जेवायला बोलाव. पान ठेवल्यावर आईला तिथे बसावंसं वाटेल. बसू दे. ती त्यांच्याशी बोलेलही, तेव्हा तुम्ही दोघी जरा लांब व्हा.

बाबा एसटीत होते, म्हणजे चहाचा माणूस. तो कसा लागायचा हे मला माहीत नाही, आईला माहीत आहे. साखर किती, कपात की पेल्यात, तिला विचार, आणि खिरीच्या शेजारी तोही ठेवायला सांग.

– तुझी काकू